भिंतीवरचे तांबे, सिद्धगडचा कागद

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड, शहापूर आणि कर्जत या तालुक्यांतील माणसे सिद्धगडाच्या परिसरात जमतात. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई विठ्ठलराव कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील या दोघांनी तेथील जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्या झेलून हौतात्म्य पत्करले. अभिवादनाच्या दिवशी फुले वाहिली जातात, भाषणे होतात, फलकांवर हुतात्म्यांची चित्रे लागतात. ही चित्रे आता संगणकावर घटकाभरात तयार होतात. काही दशकांपूर्वी मात्र एखाद्या हुतात्म्याचा चेहरा कागदावर उतरवावयाचा, तर तो आधी धातूवर उतरवावा लागे. छायाचित्र ब्लॉक करणाऱ्याकडे जाई, तो जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर त्याचा उलटा ठसा तयार करी, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला जाई आणि मगच तो चेहरा वाचकांच्या हाती पडे. महाराष्ट्रातील प्रत्येक चळवळीची दृश्य स्मृती कित्येक दशके या धातूच्या तुकड्यांतून छापली गेली.

आज हे तुकडे शोभेच्या बाजारात आले आहेत. छपाईचा जुना तांब्याचा पत्रा घासूनपुसून, चकचकीत करून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगण्याची हौस मोठ्या शहरांतील सुखवस्तू वर्गात रुजू पाहत आहे. कोणी त्याचा कागद दाबण्यासाठी उपयोग करतो, कोणी उपाहारगृहाच्या भिंतीवर असे दहा-वीस पत्रे ओळीने लावतो. तांब्याचा तो तांबूस पिवळा रंग दिव्याच्या उजेडात सुंदर दिसतो, यात वाद नाही. पत्र्यावरील अक्षरे उलटी असल्यामुळे ती कोणी वाचीत नाही. आणि ती कोणी वाचीत नाही, हेच बहुधा त्याच्या शोभेचे रहस्य आहे.

प्रश्न एखाद्याच्या हौसेचा असता, तर त्यावर चार ओळी खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु जो पत्रा भिंतीवर जातो, तो काय छापीत होता, कोणासाठी छापीत होता आणि कोणाच्या हातांनी तयार झाला होता, ही माहिती भिंतीवर जात नाही. ती वाटेतच गळून पडते. श्रमिकांच्या आणि चळवळींच्या इतिहासाचे साधन अगोदरच तुटपुंजे आहे. त्यातील एकेक तुकडा असा मुका होऊन विकला जात असेल, तर पक्षाच्या कार्यकर्त्याने त्याकडे केवळ श्रीमंतांची लहर म्हणून पाहून चालणार नाही.

तांबे कोणाचे होते?

तांब्यावर कोरून ठेवण्याची परंपरा ठाणे जिल्ह्याला नवी नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी दिलेले ताम्रपट या भागात अनेक ठिकाणी सापडले. ठाण्यास मिळालेला अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट इतका महत्त्वाचा ठरला, की १७८८ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड काढला, त्यातच त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले. असे ताम्रपट म्हणजे प्रामुख्याने जमिनीची दानपत्रे होत. गाव कोणी दिले, कोणाला दिले, त्याच्या सीमा कोणत्या, हे त्यांत बारकाईने नोंदलेले असते. ती जमीन प्रत्यक्ष कसणारा मात्र बहुधा निनावीच राहतो. तांबे टिकाऊ असते. पण कोणाचे नाव टिकवावयाचे हे तांबे ठरवीत नाही, तांब्याचा मालक ठरवितो.

छपाईचे युग आले तेव्हाही फारसा फरक पडला नाही. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणवीसांनी भगवद्गीता छापण्याचा बेत केला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुण्यातील वास्तव्यामुळे पाश्चात्त्य चित्रकलेचे आणि कोरीव कामाचे तंत्र पुण्यात येऊन पोचले होते. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरण्याची विद्या पुण्यातील एका तांबटाने साध्य केली. १८०० साली नाना वारले आणि काम अडले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तेथे तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात या प्रयत्नाची दखल घेतली आहे. या प्रसंगात मंत्र्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, संस्थानिकाचेही आहे. दिवसचे दिवस वाकून एकेक अक्षर उलटे कोरणारा माणूस मात्र वाचकांच्या स्मरणात ‘एक तांबट’ एवढाच उरला आहे.

कोरीव पत्र्याचे तंत्र समजून घेतले, म्हणजे त्यातील श्रमाची कल्पना येते. कारागीर पोलादी कोरणीने गुळगुळीत तांब्यात रेघा खणतो. मग सर्व पत्र्यावर शाई फासावयाची, वरची शाई पुसून काढावयाची, म्हणजे ती फक्त खणलेल्या रेघांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला, की कागद त्या रेघांतील शाई ओढून घेतो. एक रेघ चुकली तर तो भाग मागून ठोकून वर आणावा लागे आणि पुन्हा कोरावा लागे. तांबे मऊ असल्यामुळे प्रत्येक छापाबरोबर रेघा झिजत. म्हणून जुन्या पत्र्यावर जी झीज दिसते, ती त्याने केलेल्या कामाची नोंद असते. बाजारात आज हीच झीज ‘जुनेपणाची शोभा’ म्हणून खपते.

एकोणिसाव्या शतकात हे तंत्र राज्यकर्त्यांच्या हाती पूर्णपणे गेले. भारताच्या सर्वेक्षण खात्याने एका इंचास चार मैल या प्रमाणात जो मोठा नकाशासंग्रह सिद्ध केला, त्याचे तक्ते तांब्यावर कोरलेले होते. सह्याद्रीचे कडे, घाटवाटा आणि नद्या बारीक रेघांनी तांब्यात उतरल्या, त्या सैन्याला वाट सापडावी आणि महसुलाला गाव सापडावे म्हणून. मुद्रांकित कागदावरील राजाचे चित्र, सरकारी रोखे, नोटा या साऱ्यांची छपाईही धातूच्या कोरीव ठशांवर अवलंबून होती. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय उभे राहण्यापूर्वी हा माल इंग्लंडहून येत असे. मुरबाड-शहापूरच्या आदिवासी आणि कुणबी शेतकऱ्याचा या कलेशी जो संबंध आला, तो सावकाराच्या ओटीवर. ज्या मुद्रांकित कागदावर त्याचा अंगठा घेतला जाई, त्याच्या माथ्यावरील राजमुद्रा अशीच धातूवरून छापलेली असे. ती कलाकुसर किती नाजूक आहे, हे पाहण्याची सवड त्याला नव्हती.

चळवळीचा कागद

याच्या उलट, चळवळींचा छापील इतिहास स्वस्त साधनांचा इतिहास आहे. गणपत कृष्णाजी यांनी लाकडी यंत्र उभारून आणि शिळाछापाचा अवलंब करून १८३१ साली पंचांग छापले, ते मोठ्या भांडवलाच्या बळावर नव्हे. जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम महिना दोन रुपयांवर केले आणि पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. निर्णयसागरची वळणदार देवनागरी अक्षरे ज्यांच्या हातून घडली, त्या राणोजी रावजी आरू यांचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांबाहेर आज क्वचितच कोणाला माहीत असते. सत्यशोधक चळवळीचा आवाज झालेले कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ १८७७ साली निघाले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत गिरणी कामगारांपर्यंत नेले. अशा पत्रांपाशी कोरीव तांब्याची चैन नव्हती. त्यांचे खिळे शिशाचे. ते झिजले की वितळवून पुन्हा ओतले जात, आणि त्यांनी उच्चारलेले शब्द फक्त कागदावर राहत.

छायाचित्रांचे ब्लॉक आले तेव्हाही हा भेद राहिला. बारीक जाळीचा, गुळगुळीत कागदावर छापावयाचा ब्लॉक तांब्याचा असे. भरड वर्तमानपत्री कागदासाठी मोठ्या ठिपक्यांचा, स्वस्त जस्ताचा. तांब्याचा ब्लॉक करून घेणे लहान साप्ताहिकाला परवडत नसे. म्हणून एका नियतकालिकाने केलेला ब्लॉक दुसरे मागून आणी, वापरून परत करी आणि चित्राखाली ‘ब्लॉक अमक्यांच्या सौजन्याने’ अशी ओळ छापी. त्या एका ओळीत एका काळच्या मराठी सार्वजनिक जीवनातील सहकाराची रीत साठवलेली आहे. आजच्या बाजारात त्या ब्लॉकला मालक आहे, किंमत आहे. सौजन्य तेवढे गेले आहे.

१९४२ च्या लढ्यात तर धातूचा प्रश्नच उरला नाही. छापखान्यांवर पोलिसांची नजर होती, जामीन जप्त होत होते. भूमिगत कार्यकर्त्यांनी मेणकागदावर अक्षरे उठवून सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रके काढली. राममनोहर लोहिया आणि अरुणा असफअली यांनी चालविलेल्या ‘इन्किलाब’पासून गावोगावच्या एकपानी पत्रकांपर्यंत या मजकुराचे मोल तो वाचून नष्ट करण्यात होते. जवळ सापडलेला कागद म्हणजे तुरुंग. मेणकागद एकदा वापरला की जाळून टाकावयाचा. या लढ्याने मागे पत्रा ठेवला नाही, कारण मागे काही न ठेवणे हीच त्याच्या सुरक्षिततेची अट होती.

भाई कोतवालांचे जीवन या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि तरीही आजूबाजूच्या शेतकऱ्यांत व आदिवासींत रमला. त्यांच्यासाठी त्याने शाळा उघडल्या, सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. १९४२ च्या ऑगस्टनंतर त्याने आझाद दस्ता उभारला आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज पुरविणारे मनोरे पाडण्यास आरंभ केला. साम्राज्याच्या युद्धयंत्राला वीज नेणाऱ्या त्या तारांवर घाव घालणारी माणसे बहुतेक शेतकरी होती. अखेरीस दस्ता सिद्धगडाच्या रानात आश्रयाला आला आणि पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने तेथे त्याला गाठले. कोतवाल आणि हिराजी पाटील यांची नावे राहिली. त्यांना भाकरी पोचविणाऱ्या, वाट दाखविणाऱ्या, नंतर पोलिसांचा मार खाणाऱ्या माणसांपैकी कितीजणांची नावे कोणत्या कागदावर आहेत?

१९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे दिली, निवृत्तिवेतनाची योजनाही आणली. सरकारी तांब्यावर सामान्य माणसाचे नाव कोरले गेले, ही गोष्ट लहान नाही. पण ताम्रपत्र मिळविण्यास तुरुंगवासाचा किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा द्यावा लागे. ज्याचा कागदच नव्हता, त्याला तांबे मिळणे अवघड होते. सिद्धगडच्या रानात भाकरी नेणाऱ्या बाईने कोणाचा दाखला आणावयाचा?

बाजार, कायदा आणि वयाची अट

छपाईचे पत्रे बाजारात आले कसे, याचे उत्तर सरळ आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ऑफसेट छपाईने खिळ्यांची छपाई मागे सारली. तालुक्याच्या गावांतील ट्रेडल यंत्रे बंद पडली. जुळारी बेकार झाले. काहींनी संगणकावर अक्षरे जुळविण्याचे काम शिकून घेतले, बरेच जण दुसऱ्या मजुरीला लागले. छापखान्याच्या मालकाने खिळे, ब्लॉक, पत्रे वजनावर विकले. त्याला दोष देता येत नाही. कामगारांची देणी आणि जागेचे भाडे त्याला त्यातूनच भागवावयाचे होते. भंगारवाल्याने शिसे भट्टीत धाडले आणि ज्या पत्र्यांवर चित्र किंवा नक्षी दिसली, ते बाजूला काढले, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळू लागले होते. वजनाच्या भावात घेतलेला माल नगाच्या भावात विकला गेला. मधली सारी वाढ मध्यस्थाची. ज्याने तो पत्रा कोरला किंवा आम्लात खोदला, त्या कारागिराला त्यात कवडीचा वाटा नाही.

येथे हौशी संग्राहकाची बाजूही मांडली पाहिजे. त्याने पैसे मोजले नसते, तर तो पत्रा भट्टीत गेला असता आणि आज त्याची तांब्याची तार झाली असती. ज्या संस्थांनी तो जपावयाचा, त्यांनी जागा नाही म्हणून तोंड फिरविले, तेव्हा या गृहस्थाने तो घरी नेला. हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून केलेली टीका अप्रामाणिक ठरेल. परंतु वाचविणे आणि शोभेला लावणे यांत अंतर आहे. पत्रा चकाकावा म्हणून तो घासला, की बारीक रेघा आणि ठिपके जातात. वर रोगण चढविले, की त्यावरून पुन्हा छाप काढणे कठीण होते. चौकटीत बसावा म्हणून कडा कापल्या, की कडेला कोरलेले कारागिराचे किंवा ब्लॉक करणाऱ्या कारखान्याचे नाव जाते. लाकडी ठोकळा फेकून दिला, की त्यावर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक जातो. अशा रीतीने भट्टीने जे एका दिवसात केले असते, ते शोभेचा बाजार सावकाश करतो. शिवाय या मालाला मागणी आली, की नवा पत्रा रसायनांनी काळवून जुना म्हणून विकणे अवघड नसते. ज्याला मजकूर वाचावयाचाच नाही, त्या गिऱ्हाइकाला फसविणे सोपे जाते.

कायदा येथे किती उपयोगी आहे? पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ साली झाला. त्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी ती निदान १०० वर्षांची असावी लागते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते, दप्तरे आणि दस्तऐवज यांना ७५ वर्षे पुरतात. या दोन आकड्यांचा अर्थ सिद्धगडच्या संदर्भात लावून पाहावा. १९४२-४३ च्या लढ्याशी संबंधित दस्तऐवज २०१७-१८ साली ७५ वर्षांचा झाला. त्याच काळातील छपाईचा ठसा मात्र २०४२-४३ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने केवळ जुने भंगार राहणार. म्हणजे ज्या वर्षांत अशा वस्तू सर्वाधिक वेगाने विकल्या जातात, मोडल्या जातात, घासल्या जातात, नेमक्या त्याच वर्षांत त्यांना संरक्षण नाही. शंभर वर्षे पुरी होतील तेव्हा संरक्षण मिळेल. वस्तू उरली असेल तर.

सरकारकडे वयाची अट शिथिल करण्याची मागणी करावी. स्वातंत्र्यलढा, कामगार चळवळ, संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांच्याशी संबंधित मुद्रणसाहित्यासाठी ७५ वर्षांची मर्यादा पुरेशी मानावी, ही मागणी अवास्तव नाही. पण केवळ कायद्यावर भिस्त ठेवणे भाबडेपणाचे होईल. दादरच्या आंबेडकर भवनाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो बुद्धभूषण छापखाना याच वास्तूत होता. २५ जून २०१६ च्या पहाटे ही वास्तू पाडण्यात आली. हजारो माणसे रस्त्यावर उतरली, म्हणून त्या छापखान्याचे नाव सर्वांच्या तोंडी आले. त्या माणसांना छापखाना ही शोभेची वस्तू वाटली नव्हती. आपल्या बापजाद्यांना ज्या यंत्राने तोंड दिले, ते यंत्र गेले, ही वेदना त्यामागे होती. वारसा जपण्याची खरी शक्ती या जाणिवेत असते. कायदा तिच्या मागून येतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे शोध. मुरबाड, शहापूर, कल्याण, कर्जत या गावांतील बंद पडलेल्या छापखान्यांची यादी कार्यकर्त्यांनी करावी. मालक, जुळारी, यंत्र चालविणारे कामगार यांपैकी जे हयात आहेत, त्यांना भेटावे. पोटमाळ्यावर पडलेली पेटी, टपाच्या तळाशी राहिलेले ब्लॉक यांची विचारपूस करावी. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही, कारण खिळे जुळविणाऱ्यांची ती पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांच्या हाताला अजून अक्षरांच्या खणांची जागा आठवते. पण ती आठवण त्यांच्याबरोबरच जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचन. पत्रा विकत घेण्याची गरज नाही, ऐपतही नसते. त्याचे नीट छायाचित्र घ्यावे आणि ते आडवे उलटावे, म्हणजे मजकूर सुलटा वाचता येतो. आज कोणत्याही कार्यकर्त्याच्या खिशातील दूरध्वनीवर हे क्षणात होते. लांबीरुंदी मोजावी. धातू तांबे आहे की जस्त हे लिहावे. ठोकळ्यावरील क्रमांक, कारखान्याचे नाव, कडेची खूण टिपावी. पत्रा कोठून आला आणि कोणी सांगितले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. घासू नये, आम्ल लावू नये, रोगण चढवू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, एवढेच पुरे. ज्या संग्राहकांच्या घरी असे पत्रे आहेत, त्यांच्याकडे आकसाने न जाता विनंती घेऊन जावे. बहुतेकांना आपल्या भिंतीवर काय आहे हे जाणून घेण्याची उत्सुकताच असते. वस्तू त्याच्या घरी राहिली तरी चालेल. तिचा अर्थ सर्वांचा झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. सिद्धगडच्या लढ्याचा पत्रा मिळेल, अशी आशा थोडीच. मिळतील ते पोलिसी कागद, खटल्यांची दप्तरे, कोणाच्या ट्रंकेत जपून ठेवलेले एखादे पत्रक, निवृत्तिवेतनाच्या अर्जाची प्रत आणि अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र. नामंजुरीच्या पत्रांना तर विशेष मोल द्यावयास हवे. ज्यांना सरकारी तांब्याने नाकारले, त्यांची यादी त्या पत्रांतूनच तयार होईल. मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात जे आहे, त्याच्या प्रती तालुक्यात आणाव्यात. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये तालुक्यांत आहेत. त्यांतील एका कपाटावर ‘सिद्धगड’ एवढी पाटी लावून हा संग्रह तेथे ठेवता येईल. शाळांतील मुलांना तो हाताळता यावा. कुलूप लावलेला संग्रह आणि भिंतीवरचा पत्रा यांच्यात फार फरक नसतो.

या कामाला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. पक्षाच्या शाखांनी आपल्या जुन्या कार्यालयांपासूनच आरंभ करावा. किती शाखांच्या कपाटांत वीस वर्षांपूर्वीच्या सभांच्या नोंदी शिल्लक आहेत, किती साप्ताहिकांचे पूर्ण संच उपलब्ध आहेत, किती ब्लॉक रद्दीबरोबर गेले, याची झडती प्रथम घ्यावी. दिवाणखान्यातील तांब्यावर बोट ठेवण्याचा अधिकार ज्याने आपला कागद जपला आहे, त्यालाच पोचतो. समाजवादी चळवळीने वर्तमानात जगण्याची सवय लावून घेतली, लढे लढविले, आणि त्या लढ्यांचे दप्तर ठेवण्याचे काम मध्यमवर्गीय सोय म्हणून दुय्यम मानले. त्याची किंमत आता दिसू लागली आहे. ज्यांच्यापाशी तांबे होते त्यांचा इतिहास शाबूत आहे, तो भिंतीवरही लटकतो. ज्यांच्यापाशी मेणकागद होता, त्यांचा इतिहास त्यांच्या वारसांनी लिहिला नाही, तर तो दुसरा कोणी लिहिणार नाही.

२ जानेवारी २०४३ रोजी सिद्धगडच्या बलिदानाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी भाषणे होतीलच, मोठमोठे फलकही लागतील. सरकारी खर्चाने एखादा तांब्याचा किंवा पितळेचा भव्य पट उभारला जाण्याचाही संभव आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्या पटावर दोन नावांखाली आणखी नावे असावीत, दस्त्यातील शेतकऱ्यांची, आश्रय देणाऱ्या वाड्यापाड्यांची, भाकरी पोचविणाऱ्या स्त्रियांची, ही अपेक्षा असेल, तर ती नावे शोधण्याचे काम आज सुरू झाले पाहिजे. पट कोरणाऱ्या कारागिराला नावांची यादी द्यावी लागते. ती यादी तांब्यातून निघत नाही. ती गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांपाशी बसून, फाटक्या कागदांवरून कार्यकर्त्यांनाच तयार करावी लागेल. आणि पट तयार होईल तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यात, तो ज्याने कोरला त्याचे नावही सुलट्या अक्षरांत असावे.